आग्रहाचा उमेदवार

मी पहिल्यांदा बंदराच्या मंडळावर गेलो तेव्हा साताऱ्याच्या माझ्या वहिनींनी आळीभर सांगितलं, की आमचे भाऊजी अमेरिकेत कमिशनर झाले. कुणीतरी विचारलं, पोलिसांचे की महापालिकेचे? वहिनी म्हणाल्या, "ते काही बोलले नाहीत, पण दारात गाडी उभी राहत असेल." दारात गाडी उभी असते, पण ती आमचीच आणि जुनी. बंदराकडून मला मिळालं ते चकाकत्या पट्ट्यांचं एक पिवळं जाकीट. ते माझ्या गुडघ्यापर्यंत येतं.

विल्कॉक्स हे आमचं गाव वॉशिंग्टन राज्यात, एका खाडीच्या तोंडाशी आहे. ओंडके आणि गहू न्यायला इथे परदेशी जहाजं येतात. मासेमारीच्या बोटी आहेत, उन्हाळ्यात थोडे पर्यटकही येतात. या सगळ्याचा कारभार तीन कमिशनर बघतात आणि आसपासच्या चार गावांचे मतदार त्यांना सहा वर्षांसाठी निवडून देतात. मी इथल्या कागदगिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. कोरा कागद तपासण्यात आयुष्य गेलं, म्हणून निवृत्तीनंतर छापलेला कागद वाचत बसायचं ठरवलं होतं. तेवढ्यात रोल्फ हाल्व्हरसन घरी आले.

रोल्फ मंडळाचे अध्यक्ष. उंच, लाल चेहऱ्याचे, हात मिळवला की आपला हात काही वेळ त्यांच्याकडेच राहतो. इंग्रजीत अरे-तुरे की अहो-जाहो ते कळत नाही, पण माझा अंदाज आहे की मी त्यांना अहो म्हणतो आणि ते मला अरे.

"प्रल्हाद, एक जागा रिकामी आहे. उभा राहशील का?" त्यांनी विचारलं.

"नको, नको," मी म्हणालो. "मला त्यातलं काय कळतं?"

आठवड्याने ते पुन्हा आले. मी पुन्हा नको म्हणालो, पण जरा कमी जोरात. तिसऱ्यांदा आले तेव्हा नीलाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली आणि मी म्हणालो, "तुमचा एवढा आग्रह आहे तर..." समोर उमेदवारच नव्हता, त्यामुळे मी निवडून आलो. माणसाला तीनदा विचारायचं असतं हे या नॉर्वेजियन वंशाच्या माणसाला कसं काय माहीत, याचं मला फार कौतुक वाटलं. त्यांना दुसरं कुणी मिळतच नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मंडळावर मी फारसं बोललो नाही. दर जानेवारीत अध्यक्ष निवडायचा असतो. तेव्हा रोल्फ मला विचारायचे, "प्रल्हाद, या वर्षी तू होतोस का?" मी म्हणायचो, "छे, तुम्ही इतकं छान करता." मग ते कागद उलटून पुढच्या विषयाकडे वळायचे. तिसरे कमिशनर मॅट्सन हे जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचे निवृत्त कप्तान. ते माझ्याहूनही कमी बोलतात, त्यामुळे आमच्या सभा लवकर संपतात असा गावात लौकिक आहे.

सहा वर्षांत मी एकच गोष्ट केली. धक्क्याजवळ जुन्या वजनकाट्याची एक लाकडी खोली रिकामी पडली होती. तिथे खलाशांसाठी बसायची जागा करावी असं मी सुचवलं. चार गुबगुबीत खुर्च्या, घरी फोन करायला वायफाय, पाण्याची किटली आणि माझ्याकडची पुस्तकं. खोलीला खाडीकडे उघडणारी मोठी खिडकी आहे. जहाजावरच्या लोकांना किनाऱ्यावर उतरायला जेमतेम काही तास मिळतात, आणि गावातलं हॉटेल दूर आहे. फिलिपिन्सचे लोक येतात, युक्रेनचे येतात. एकदा देवगडचा एक इंजिनीअर आला. तीन वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक हातात घेऊन तो त्यातल्या जाहिरातींसकट सगळा वाचत बसला. एका जहाजाचा आचारी नुसता खुर्चीत बसून राहिला. काही हवंय का विचारलं तर म्हणाला, "सर, ही खुर्ची हलत नाही." आणि झोपला.

आता त्याच खोलीत कॅफे काढायची कल्पना निघाली होती. रोल्फ कॅफेच्या बाजूने. मॅट्सन खोलीच्या बाजूने. म्हणजे निर्णय माझ्या मतावर, आणि मतदान पुढच्या जानेवारीत, नवं मंडळ आल्यावर होणार होतं. मी मंडळावर नसलो तर खोली जाणार, हे इतकं सरळ होतं की मलासुद्धा समजत होतं.

फेब्रुवारीत रोल्फनी मला नाश्त्याला बोलावलं. "या वर्षी तुझी मुदत संपते. पुन्हा उभा राहणार का?"

मी पॅनकेककडे बघत म्हणालो, "नको, आता कुणीतरी तरुण माणसाने यावं."

"बरं," रोल्फ म्हणाले. "तुझी आठवण येईल." आणि त्यांनी सिरप मागितलं.

मी घरी आलो आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघू लागलो.

त्याऐवजी डेबीने विचारलं. डेबी ओस्टरगार्डची बेकरी चौकात आहे. तिच्या वेलदोड्याच्या बन्ससाठी मी रोज एक खोटं कारण काढून चौकात जातो. डेबी हसरी, कामाची, गावातल्या प्रत्येक कुत्र्याला नावाने हाक मारणारी बाई. तिने बन पिशवीत घातला आणि म्हणाली, "रोल्फ म्हणाले तुम्ही उभे राहत नाही. मी विचार करतेय. तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्ही हे काम माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कराल," मी म्हणालो आणि थांबलो. आता तिने म्हणायचं होतं, छे हो, तुमची सर कुणाला.

ती म्हणाली, "थँक यू!" आणि बनचे पैसे घेतले नाहीत.

मार्च गेला, एप्रिल गेला. रोल्फ भेटायचे, हवापाण्याचं बोलायचे. एके दिवशी बंदराच्या कचेरीतल्या बाईंनी फोन केला. "प्रल्हाद, तुम्हाला गाजराचा केक आवडतो की चॉकलेटचा?"

"कशाबद्दल?"

"तुमच्या निरोपाचा. डेबीकडे ऑर्डर द्यायचीय."

मी म्हणालो, "कुठलाही चालेल."

फोन ठेवला तेव्हा नीला समोर भाजी निवडत होती. "कुठलाही काय चालेल?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"अहो, तुम्ही खरंच सोडताय?"

"नाही गं. मी आपलं सहज म्हटलं होतं."

"सहज! आणि केक कोण खाणार, सहज?"

"मला वाटलं ते पुन्हा विचारतील."

नीला हसायला लागली. तिचं हसणं लवकर थांबत नाही. तेवढ्यात सिद्धेश आला. हा नागपूरचा मुलगा, दोन घरं पलीकडे राहतो, सिएटलच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो आणि दुपारचा चहा आमच्याकडे घेतो.

"सिद्धेश, तुझ्या काकांचा निरोप समारंभ आहे," नीला म्हणाली. "त्यांना न सांगता ठरलाय, आणि त्यांनी संमतीही दिली."

सगळं ऐकून सिद्धेशने कपाळाला हात लावला. "काका, काहून असं करता? अमेरिकन माणूस एकदाच विचारतो यार. नो म्हणजे नो. उमेदवारीच्या फाइलिंगचा हा शेवटचा आठवडा आहे, माहीत आहे ना?"

"यांचं हे आजचं नाही," नीला म्हणाली. "मला बघायला आले होते तेव्हा माझ्या आईने विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर म्हणतात, तुमची हरकत नसेल तर माझीही नाही. आईला वाटलं नकार. तिने पोह्यांच्या बश्या उचलल्या."

"मग?"

"मग काय, दारात चपला घालताना दोनदा मागे वळून बघितलं, तेव्हा बाबांना कळलं. नाहीतर मी आज सोलापुरात असते."

"काका, तुम्हाला ती सीट हवीय का? येस ऑर नो?"

मी खलाशांच्या खोलीबद्दल बोलू लागलो. जहाजं, खुर्ची, खिडकी. सिद्धेशने मध्येच थांबवलं. "काका, हे सगळं मान्य. पण हवीय का?"

"म्हणजे... कुणाची हरकत नसेल तर," मी म्हणालो.

नीलाने गाडीची किल्ली घेतली आणि मला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कचेरीत नेलं. अर्ज भरताना मी तिथल्या मुलीला दोनदा विचारलं, की उशीर तर नाही ना झाला. ती म्हणाली, झाला असता तर मी तुम्हाला अर्ज दिला नसता.

नंतर रोल्फना सांगायला गेलो.

"पण तू नाही म्हणालास."

"हो."

"आणि केकला हो म्हणालास."

"हो."

ते रागावले नाहीत. रागवायला आधी समजावं लागतं, आणि त्यांना काही समजलेलं दिसत नव्हतं. "डेबीने अर्ज भरलाय," ते म्हणाले. "तूच तिला सांगितलंस असं ती म्हणते."

अशा रीतीने आयुष्यात पहिल्यांदा मला विरोधी उमेदवार मिळाला, आणि तोही मीच उभा केलेला.

सिद्धेश माझा प्रचारप्रमुख झाला. त्याला मी नको म्हणालो होतो, पण तो नागपूरचा असल्याने त्याने ऐकलं नाही. त्याने अंगणात लावायच्या पाट्या करून आणल्या. वैशंपायन हे आडनाव त्या पाटीवर बसेना, म्हणून अक्षरं बारीक केली होती. चालत्या गाडीतून ती वाचता येत नव्हती. थांबलेल्या गाडीतून एका बाईंनी वाचली आणि विचारलं, हे कुठल्या औषधाचं नाव आहे? डेबीच्या पाटीवर नुसतं 'डेबी' होतं आणि बाजूला एक बन.

घरोघरी जायचं ठरलं. मी घंटी वाजवायचो आणि पायऱ्या उतरून खाली उभा राहायचो, म्हणजे दार उघडणाऱ्याला बिचकायला नको. दार उघडलं की मी आधी सॉरी म्हणायचो.

"काका, सॉरी कशाबद्दल?" सिद्धेश रस्त्यावरून कुजबुजायचा.

"ते जेवत असतील."

एका माणसाने विचारलं, "काय विकताय?" मी म्हणालो, "काही नाही." तो म्हणाला, "मग ठीक आहे," आणि त्याने दार लावलं. एका आजीबाईंनी मला कचऱ्याचा डबा आत ठेवायला लावला, मग दिवा बदलायला लावला, आणि मी किती चांगला माणूस आहे हे मला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांच्या अंगणात डेबीची पाटी होती. मी त्यांना मत मागितलं नाही. इतक्या चांगल्या ओळखीनंतर ते बरं दिसलं नसतं.

सप्टेंबरात डेबीचं कार्ड प्रत्येक घरी पोस्टाने आलं. आमच्याही घरी आलं. एका बाजूला तिचा फोटो, दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत अवतरण होतं: 'तुम्ही हे काम माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कराल.' खाली लिहिलं होतं, कमिशनर प्रल्हाद वैशंपायन. या कार्डावर माझं आडनाव व्यवस्थित बसलं होतं.

नीलाने चष्मा लावून ते वाचलं. "छान आलंय," ती म्हणाली. "तुमच्या पाट्यांपेक्षा हेच वाचता येतं."

"हे खोटं आहे असं आपण म्हणू शकतो," सिद्धेश म्हणाला.

"खोटं नाही. मी म्हणालो होतो."

"मग तुम्हाला तसं वाटत नव्हतं, असं म्हणू."

मी विचार केला. खरं म्हणजे मला थोडंसं तसं वाटतही होतं. डेबी माझ्याहून हुशार आहे, लोकांत मिसळते, सभेत पेंगत नाही. एक खोली सोडली तर माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त काय होतं? त्या रात्री झोप लागली नाही, असं मी लिहिणार होतो, पण नीला म्हणते तुम्ही घोरत होतात.

ऑक्टोबरात मतपत्रिका पोस्टाने घरोघरी गेल्या. इथे मतदान घरूनच करायचं आणि लिफाफा वाचनालयासमोरच्या पेटीत टाकायचा. त्याच आठवड्यात दिवाळी आली. नीलाने नेहमीप्रमाणे चकल्या, करंज्या, चिवडा केला आणि शेजारीपाजारी द्यायला डबे भरले. सिद्धेश धावत आला.

"काकू, थांबा! लोकांच्या हातात बॅलट आहे. आता खायला वाटलं तर मतासाठी वाटलं असं म्हणतील."

"दर वर्षी वाटते मी."

"दर वर्षी इलेक्शन नसतं ना."

नीलाने डब्यांकडे बघितलं. "बरं. मग जे यांना मत देणार नाहीत हे नक्की, त्यांना दिलं तर चालेल ना?"

त्या दुपारी नीला गावभर फिरली आणि ज्यांच्या अंगणात डेबीची पाटी होती त्या त्या घरी फराळ देऊन आली. दिवा बदललेल्या आजीबाईंना दिला, रोल्फना दिला आणि शेवटी खुद्द डेबीला दिला. आमच्या बाजूच्या लोकांना त्या वर्षी एक चकलीही मिळाली नाही. शेजारचं जोडपं अजून त्याबद्दल बोलतं. डेबीने दुसऱ्या दिवशी डबा परत केला. रिकामा नव्हता, वेलदोड्याचे बन्स होते. सोबत चिठ्ठी: 'गोल काटेरी वस्तू अप्रतिम.'

त्याच आठवड्यात उमेदवारांची जाहीर सभा होती. शेतकरी संघाच्या जुन्या लाकडी सभागृहात दोन खुर्च्या, दोन माइक. समोर बरीच मंडळी. तिसऱ्या रांगेत नीला आणि सिद्धेश. प्रश्न विचारायला गावच्या साप्ताहिकाच्या संपादक बाई होत्या. त्यांच्या चष्म्याला साखळी होती आणि आवाजाला धार.

डेबी छान बोलली. तिचं म्हणणं साधं होतं. बंदरातली सगळ्यात सुंदर खिडकी मोजक्या परक्या माणसांसाठी का ठेवायची? तिथे कॅफे झाला तर गावातले लोक बसतील, पर्यटक येतील, बंदराला भाडं मिळेल. खलाशांना फाटकाजवळ एक ट्रेलर देता येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सिद्धेशने डोळे मिटून घेतले.

मग संपादक बाईंनी ते कार्ड वर धरलं. "कमिशनर, हे तुम्ही म्हणाला होतात?"

"हो."

"म्हणजे डेबी तुमच्यापेक्षा चांगलं काम करतील?"

"तसं... म्हणजे आमच्याकडे एक पद्धत आहे," मी म्हणालो. माझा आवाज माइकमधून माझ्याकडेच परत आला आणि मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "पाहुण्याला आणखी एक पोळी वाढू का विचारलं, की तो नको म्हणतो. पुन्हा विचारलं की पुन्हा नको म्हणतो, पण ताटावरचा हात थोडा बाजूला घेतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतो. पहिल्यांदाच हो म्हणणं आमच्यात हावरटपणाचं समजतात. रोल्फनी फेब्रुवारीत मला विचारलं, मी नको म्हणालो. मी दुसऱ्या वेळेची वाट बघत होतो."

मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले. रोल्फ पहिल्या रांगेत होते. ते मोठ्याने म्हणाले, "आणि मी त्याला निरोपाचा केक मागवला!"

"मग माझं काय?" डेबी हसतच म्हणाली. "मला जे म्हणालात ते?"

"तुम्ही म्हणायला हवं होतं, छे छे, तुमच्यासारखं कुणी नाही."

"मी थँक यू म्हणाले!"

"हो. आणि बन फुकट दिलात. त्यामुळे मला वाईटही वाटता येईना."

पुन्हा हशा झाला. मला वाटलं, चला, सुटलो. पण संपादक बाई हसत नव्हत्या. "पोळीचं समजलं, कमिशनर. आता मी तुम्हाला स्वच्छ विचारते, आणि एकदाच विचारणार आहे. ही जागा तुम्हाला हवी आहे का?"

मी नीलाकडे बघितलं. दुसऱ्यांच्या घरी मी पोटभर झालं म्हणतो आणि नंतर गाडीत भूक लागली म्हणतो, तेव्हा ती भुवई वर करते. तशी तिची भुवई वर गेली होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: गावाला योग्य वाटेल तसं. ते वाक्य मी आयुष्यभर वापरलंय आणि ते कधी चुकत नाही, कारण त्यात काही नसतंच.

"हो," मी म्हणालो. "मला हवी आहे."

माइकने शिट्टी मारली. मी पुन्हा म्हणालो, म्हणजे लोकांना नीट ऐकू आलं नसेल तर. "मला ही जागा हवी आहे. डेबी माझ्यापेक्षा बऱ्याच गोष्टी चांगल्या करतील, ते मी खोटं बोललो नव्हतो. पण जानेवारीत त्या खोलीबद्दल मतदान आहे आणि त्या वेळी मला तिथे हात वर करायचा आहे. महिना महिना समुद्रावर असलेला माणूस तिथे येतो आणि म्हणतो, ही खुर्ची हलत नाही. तो इथला मतदार नाही. तो उभा राहू शकत नाही, पाटी लावू शकत नाही. त्याला कॅफेत जायला वेळ नसतो, आणि ट्रेलरला खिडकी नसते. एवढंच आहे. आणखी काही नाही." मग मला राहवलं नाही. "सॉरी," मी म्हणालो.

सभेनंतर आम्ही गाडीत बसलो. मग नीला म्हणाली, "इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला उद्देशून नव्हतं, पण चालेल."

मतमोजणीच्या पहिल्या संध्याकाळी मी मागे होतो. नीला म्हणाली, मतदान तर तुम्ही नेहमीच उशिरा करता, तुमचे मतदारही तसेच असतील. आणि खरंच, शेवटी पेटीत पडलेले लिफाफे जसजसे मोजले गेले तसतसं अंतर कमी होत गेलं. शेवटी मी पुढे गेलो. फार नाही. एवढंच की डेबीने फेरमोजणी मागितली नाही आणि मी स्वतःच्या मनात ती अनेकदा केली.

का निवडून आलो याबद्दल एकमत नाही. सिद्धेश म्हणतो, त्याने पाठवलेल्या टेक्स्ट मेसेजमुळे. नीला म्हणते, चकल्यांमुळे. ज्यांना मिळाल्या नाहीत ते चिडून आमच्याच बाजूला राहिले आणि ज्यांना मिळाल्या ते आमच्याकडे आले. मला वाटतं, मतपत्रिकेवर माझं नाव वर होतं म्हणून. डेबीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "अभिनंदन. पुढच्या वेळी तुम्ही माझी स्तुती केलीत तर मी लेखी घेईन आणि तीन दिवस थांबेन."

"तुम्ही खरंच चांगलं काम केलं असतंत," मी म्हणालो.

मग डेबी हळूच म्हणाली, "छे छे. तुमच्यासारखं कुणी नाही." आणि फोन ठेवण्याआधी जोरात हसली.

जानेवारीची पहिली सभा झाली. नियमाप्रमाणे आधी अध्यक्षाची निवड. समोरच्या खुर्च्यांवर नेहमी असतात त्यापेक्षा थोडे जास्त लोक होते. नीला आली होती, डेबीही आली होती. रोल्फनी चष्मा नाकावर सरकवला आणि कागदाकडे बघतच विचारलं, "प्रल्हाद, या वर्षी तू होतोस का?" आणि उत्तराची वाट न बघता पान उलटायला घेतलं.

"हो," मी म्हणालो.

"तर मग नेहमीप्रमाणे मीच..." रोल्फ थांबले. "काय म्हणालास?"

"हो म्हणालो. मला आवडेल."

मॅट्सननी गेल्या सभेत एकही शब्द उच्चारला नव्हता. ते म्हणाले, "अनुमोदन."

रोल्फ माझ्याकडे झुकले. माइकवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "प्रल्हाद, मी आपला विचारायचं म्हणून विचारलं होतं."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "आमच्याकडेही तसंच विचारतात."

त्यांचा चेहरा होता त्याहून लाल झाला. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसू आवरत त्यांनी अध्यक्षाचा लाकडी हातोडा माझ्यापुढे सरकवला. मला तो कसा आपटायचा माहीत नव्हतं. पहिल्यांदा इतका हळू आपटला की कुणाला ऐकू गेला नाही, दुसऱ्यांदा नीला दचकली. पहिला विषय वजनकाट्याच्या खोलीचा होता. बाजूने दोन, विरोधात एक. विरोधातला हात रोल्फचा होता आणि त्यांनी तो अगदी सरळ, मनापासून वर केला होता. ते त्यांचं मला आवडतं.

पुढच्या आठवड्यात ओंडके न्यायला एक जहाज लागलं. मी खोलीत किटली लावून बसलो होतो. दार ढकलून एक पोरसवदा खलाशी आत आला. टोपीवर पावसाचे थेंब होते. मला बघून तो दारातच थांबला. नावाच्या बिल्ल्यावरचं आडनाव मालवणकडचं होतं.

"चहा घेणार?" मी मराठीत विचारलं.

तो चपापला, मग संकोचून म्हणाला, "नको काका, कशाला उगाच."

मी कपाटातून कप काढला, चहाची पुडी शोधली आणि साखरेचा डबा उघडला.

"अरे घे, घोटभर घे," मी म्हणालो.

"नको, खरंच नको," तो म्हणाला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला.

मी तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच पाणी उकळलं होतं.